फिका शर्ट, गडद पँट आणि नांदूरघाटची धूळ

१५ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. पुरुष शिक्षकांनी फिक्या रंगाचा शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा. महिला शिक्षकांनी साडी, किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि ओढणी घालावी. जीन्स, टी-शर्ट आणि गडद, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, असं त्यात सांगितलं आहे.

आता हा फिका शर्ट आणि ही गडद पँट बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, नांदूरघाटला नेऊन पाहू. सकाळी मोटारसायकलवरून शाळेत येणाऱ्या गुरुजींच्या शर्टावर रस्त्याची धूळ बसते आणि उन्हाळ्यात कॉलरला घामाची रेघ उठते. शाळेत पोचल्यावर गडद पँटवर खडूची पांढरी भुकटी सांडते. म्हणजे जिथे धूळ बसते तिथे फिका रंग आणि जिथे खडू सांडतो तिथे गडद रंग. दिवस संपेपर्यंत दोन्ही कपडे धुण्यात जातात.

ही अडचण फक्त गुरुजी आणि बाईंची नाही. ग्रामपंचायतीतला ग्रामसेवक, सज्जावरचा तलाठी, घरोघर फिरणारी आशाताई, बँकेतला कारकून, एसटीचा कंडक्टर या सगळ्यांना रोज नीटनेटकं दिसावंच लागतं. त्यासाठी लागणारं पाणी, वीज आणि वेळ मात्र गावात शहरासारखा हाताशी नसतो. म्हणून कामाच्या कपड्यांचा विचार आरशापुढून सुरू करून भागत नाही. तो न्हाणीतून, धुण्याच्या दगडापासून सुरू करावा लागतो. कोणता कपडा कमी पाण्यात, कमी घासून, इस्त्रीशिवाय किंवा अगदी थोड्या इस्त्रीत पुन्हा घालण्याजोगा होतो, हे एकदा कळलं की कपाट आपोआप लहान होतं.

एका शर्टाचं पाणी

नांदूरघाट ज्या केज तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. लातूर शहर याच धरणाचं पाणी पितं. २०१६ साली धरण कोरडं पडलं आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीने दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी पोचवलं. अशा मुलखात रोज दोन कपडे धुण्यात टाकणं ही छोटी गोष्ट राहत नाही.

हिशोब घरीच करून पाहा. हाताने धुताना तीन-चार कपड्यांना साबणाची एक बादली आणि खळबळायला दोन बादल्या लागतात. बादली पंधरा लिटरची धरली तर पंचेचाळीस लिटर झाले. म्हणजे एका कपड्यामागे अकरा ते पंधरा लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, संडास सगळं त्यातच आलं. चार कपडे धुतले की एका माणसाचा दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा संपला.

सहा दिवसांच्या शाळेत रोज शर्ट आणि पँट दोन्ही धुण्यात टाकली तर आठवड्याला बारा कपडे होतात. शर्ट रोज धुतला, पण पँट संध्याकाळी झटकून, वाऱ्यावर टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली, तर नऊच होतात. कपड्यामागे बारा लिटर धरले तर एका माणसाचे आठवड्याला ३६ लिटर वाचतात. वर्षात शाळेचे चाळीस आठवडे मोजले तर चौदाशे चाळीस लिटर. इतकी बचत करायला नवा कपडा घ्यावा लागला नाही, एक सवय बदलावी लागली.

पैशाचा हिशोबही असाच मांडता येतो. कपड्याची किंमत आणि त्याच्या आयुष्यभराचा इस्त्रीचा खर्च यांची बेरीज करायची आणि तो जितके दिवस अंगावर राहिला त्याने भागायची. समजा, सहाशे रुपयांचा सुती शर्ट शंभर वेळा घातला आणि दर वेळी परटाकडे इस्त्रीला दहा रुपये दिले. इस्त्रीचेच हजार रुपये झाले, म्हणजे शर्टाच्या किमतीपेक्षा जास्त. असा शर्ट दिवसाला सोळा रुपयांना पडला. शंभर रुपये जास्त देऊन घेतलेला, पण इस्त्री न मागणारा शर्ट तेवढेच दिवस टिकला तर दिवसाला सात रुपयांना पडतो. दुकानात जो महाग वाटला तो घरात स्वस्त निघाला.

सुरकुती पडते कशी

कमी इस्त्रीचं कापड निवडायचं तर सुरकुती पडते का हे समजायला हवं. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि या साखळ्या हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी किंवा घाम तंतूत शिरला की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात. कापड ज्या अवस्थेत वाळेल त्याच अवस्थेत बंध पुन्हा जुळतात. पिळून, चुरगळलेलं वाळलं तर चुरगळलेलंच राहतं. गाडीवर बसून घामाने ओली झालेली पाठ तशीच वाळते आणि तिथल्या घड्या दिवसभर मोडत नाहीत. इस्त्री उलटं काम करते. वाफ आणि उष्णतेने ती बंध सोडवते आणि कापड सपाट दाबून ते पुन्हा जुळवते.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पितच नाही. नेहमीच्या दमट हवेत कापूस वजनाच्या साधारण सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून ते लवकर वाळतं आणि त्यावर सुरकुती टिकत नाही. याच गुणामुळे ते घामही टिपत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात निव्वळ पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो. शिवाय ते पाण्याला दूर ठेवत असलं तरी घामातलं तेल धरून ठेवतं, त्यामुळे धुतल्यावरही त्याचा वास जात नाही.

या दोघांचं लग्न लावायची कल्पना जुनी आहे. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये जॉन विनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी शोधला आणि टेरिलीन या नावाने तो जगभर गेला. त्यात कापूस मिसळून जे कापड झालं ते आपल्याकडचं टेरिकॉट. एके काळी लग्नात नवरदेवाला टेरिकॉटची पँट म्हणजे मोठा मान होता. धुतली, वाळली, घातली, घडी मोडली नाही, याचं लोकांना अप्रूप वाटायचं. १९८२ साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. पुढच्या काळात हा धागा इतका सर्रास झाला की त्याचा मान गेला आणि सोय तेवढी उरली.

आज दुकानात ‘पीसी’ म्हणून मिळणारं शर्टाचं कापड पॉलिएस्टर आणि कापसाचं असतं, ‘पीव्ही’ म्हणून मिळणारं पँटचं कापड पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजचं. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के दुसरा धागा हे नेहमीचं प्रमाण. मराठवाड्याच्या उन्हासाठी शर्टात कापसाचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त असलेला बरा. पँटला मात्र पॉलिएस्टर जास्त असलं तरी चालतं, कारण पँट घामाने कमी भिजते आणि तिची कडक घडी टिकणं महत्त्वाचं असतं.

निव्वळ सुतीच घालायचं असेल तर ‘रिंकल-फ्री’ म्हणून विकला जाणारा कपडाही असतो. रसायनाने कापसाच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या की त्या पाण्यातही सरकत नाहीत. रूथ बेनेरिटो या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात या कामात मोठी भर घातली. या प्रक्रियेने धागा थोडा कमकुवत होतो, त्यामुळे असा शर्ट घासून-आपटून धुतला तर कॉलर आणि बाह्यांच्या काठाशी लवकर विरतो. नवा आणल्यावर आधी एकदा धुवून मगच तो घालावा.

दुकानात लेबलावर विसंबू नये. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मूठ उघडावी. घड्या हळूहळू उलगडल्या तर कापड कामाचं. मग त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब लगेच मुरला तर ते घाम टिपेल, मोत्यासारखा वर बसून राहिला तर उन्हाळ्यात त्रास देईल. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग लागतो का तेही पाहावं. घरी उरलेला कातरतुकडा जाळून पाहिला तर धागा ओळखता येतो. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. याच कारणाने शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी चुलीजवळ सिंथेटिक साडी नेसू नये. ती पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

खाकीचा धडा

कामाच्या कपड्याचा रंग भोवतालच्या मातीवरून ठरवायचा, ही कल्पना आपल्याच उपखंडात पक्की झाली. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन यांनी ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभी केली आणि सैनिकांना त्या मुलखातल्या धुळीच्या रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे माती, त्यावरून खाकी. पांढरे आणि लाल गणवेश घालणाऱ्या फौजांना हळूहळू त्याची सोय पटली. आज पोलिसांच्या आणि एसटीच्या खाकीत तोच हिशोब आहे. जी धूळ बसणारच, तिचाच रंग अंगावर असला तर ती डोळ्यांत भरत नाही.

शिक्षकाला खाकी घालता येणार नाही, पण धडा घेता येतो. नियम फिका शर्ट सांगतो, पांढराशुभ्र सांगत नाही. मोतिया, बिस्किटी, फिका राखाडी, फिका मातकट हे सगळे फिकेच रंग आहेत आणि रस्त्याची धूळ त्यांच्यावर पांढऱ्यापेक्षा कितीतरी कमी दिसते. बारीक रेघ किंवा बारीक चौकडा विणीतच असेल तर छोटे डाग त्यात हरवतात. पँटचंही तसंच. निव्वळ काळ्या आणि गडद निळ्या पँटवर खडू लगेच उठून दिसतो, करड्या किंवा कॉफीच्या रंगाची पँट गडदही असते आणि खडूला सामावूनही घेते. एक पांढरा शर्ट मात्र असावा. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन आणि निरोपाचे कार्यक्रम त्याच्याशिवाय होत नाहीत.

आपल्या आज्या-पणज्यांना हे शिकवावं लागलं नाही. मराठवाड्यात घरोघरी नेसलं जाणारं इरकल पाहा. ते कर्नाटकातल्या इलकलहून आलं. अंगाचं सूत गडद, काठ दाट विणलेला. जमिनीला घासणारी आणि सर्वांत आधी फाटणारी कड तीच असते, म्हणून काठाला ताकद दिलेली. नऊवार लुगडं शिवावं लागत नाही आणि नेसताना पडणाऱ्या निऱ्या हीच त्याची घडी, म्हणून इस्त्रीचा प्रश्नच आला नाही. अंगावरून उतरलेलं लुगडं गोधडीत जाई. कमी देखभालीचा कपडा म्हणून आज जे शोधलं जातं, त्यातलं बरंच काही या एका वस्त्रात होतं.

तीन थर

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ऊस तोडणाऱ्या बाईला फडात पाहिलं तर साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट दिसतो, डोक्याला रुमाल किंवा टॉवेल गुंडाळलेला असतो. उसाची पाती करवतीसारखी असतात, हात आणि गळा कापतात. शर्ट ते घाव झेलतो, धूळ झेलतो, ऊन अडवतो. आतली साडी त्यामानाने शाबूत राहते. कामाच्या कपड्याबद्दलचं सर्वांत शहाणं तत्त्व या बायांनी रोजच्या गरजेतून काढलं आहे: बाहेरचं झेलायला एक कपडा, घाम टिपायला दुसरा, आणि लोकांना दिसणारा तिसरा. तिन्ही कामं एकाच कपड्यावर लादली की तो रोज धुवावा लागतो.

हेच तत्त्व नोकरदाराला लावता येतं. सर्वांत आतला थर घामाचा. सुती बनियन घातलं की शर्टाच्या काखा आणि पाठ कितीतरी कमी भिजतात. साडी नेसणाऱ्या बाईंच्या बाबतीत घाम झेलतात ते ब्लाउज आणि परकर. म्हणून ही दोन वस्त्रं सुती आणि संख्येने जास्त असावीत, ती रोज धुतली जावीत. साडी मात्र झटकून, वाऱ्यावर टांगून दोन-तीनदा नेसता येते. साडीची पाच-सहा मीटर लांबी धुवायला किती पाणी लागतं, हे लक्षात घेतलं तर या एका फरकाचं मोल कळतं.

सर्वांत बाहेरचा थर धुळीचा. स्कूटीवरून येणाऱ्या बायका-मुलींनी तो केव्हाच शोधला आहे. सनकोट आणि स्कार्फ हा त्यांचा रोजचा गणवेश. शाळेच्या दारात तो उतरवून झटकला की आतला कुर्ता घरून निघाल्यासारखाच. पुरुष मात्र अजूनही शर्टानेच रस्ता झाडत येतात. प्रवासापुरता अंगावर चढवायचा एक मातकट सुती सदरा किंवा जुना ढगळ शर्ट गाडीच्या डिकीत ठेवला, तर शर्टाची धूळ निम्मी होईल. यात कमीपणा काहीच नाही. डॉक्टर ॲप्रन घालतात, मेकॅनिक डांगरी घालतो, त्यामागचं कारण हेच.

मग कपाटात काय असावं

लंडनमध्ये सुझी फॉ या दुकानदार बाईंनी १९७० च्या दशकात ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना मांडली. मोजके आणि एकमेकांशी सहज जुळणारे कपडे ठेवायचे, म्हणजे थोड्याच कपड्यांत पुष्कळ जोड्या जमतात. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा असाच संच काढला आणि तो फार गाजला. त्यांचे ब्लेझर आणि स्कर्ट आपल्या कामाचे नाहीत, पण जुळवणीचं गणित आपलंच आहे. पाच शर्ट आणि तीन पँट अशा निवडल्या की कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालतो, तर पंधरा जोड्या होतात. सकाळी कपाटापुढे उभं राहून विचार करावा लागत नाही.

शिक्षक किंवा कार्यालयीन कर्मचारी पुरुषासाठी पाच मिश्र धाग्याचे फिके शर्ट, एक पांढरा, तीन पीव्हीच्या पँट आणि सहा सुती बनियनं पुरतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घालायला सांगितलं आहे. हाती कातलेली, हाती विणलेली खादी चुरगळतेच, तिची ती प्रकृती आहे. ज्यांना इस्त्रीचा वेळ नाही त्यांनी खादी भांडारात ‘पॉलिवस्त्र’ मागावं. त्यात खादीच्या पद्धतीनेच कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेलं असतं.

महिलांसाठी संच निवडीनुसार बदलतो. साडी नेसणाऱ्यांनी सहा साड्या ठेवल्या तर प्रत्येकीचा वेगळा ब्लाउज शिवू नये. एक काळा, एक मरून, एक मोतिया असे सहा साड्यांना चालणारे ब्लाउज प्रत्येकी दोन शिवून घ्यावेत. एक धुण्यात असला तरी दुसरा हाताशी राहतो. उन्हाळ्यात सूत-मिश्र साडी, पावसाळ्यात लवकर वाळणारी क्रेप किंवा जॉर्जेट, अशी वाटणी करावी. खळ लावावी लागणारी कडक सुती साडी देखणी असते, पण तिला खळ, पाणी आणि इस्त्री तिन्ही लागतं. ती सणासमारंभाला ठेवावी. कुर्ता-सलवार घालणाऱ्यांना पाच कुर्ते, तीन सलवारी आणि कशावरही चालतील अशा तीन ओढण्या पुरतात.

रेडिमेडपेक्षा कापड घेऊन शिंप्याकडे शिवणं अजूनही गावात सोपं आहे आणि त्याचा एक मोठा फायदा आहे. एकाच ताग्यातून दोन शर्टांचं कापड घेता येतं. शिंप्याला सांगून कॉलरचा एक जादा तुकडा ठेवून घ्यावा. शर्ट आधी कॉलरशी आणि बाहीच्या टोकाशी विरतो, बाकी कापड धड असतं. कॉलर बदलली किंवा उलटवून शिवली की शर्टाला आणखी वर्षभर आयुष्य मिळतं. पँटच्या पायाशी आत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवायला सांगावं. कमरेला शिवणीत थोडी सूट असावी. माणूस बदलतो, पँट बदलावी लागू नये.

जड पाणी आणि हलका हात

नांदूरघाट परिसरात आणि एकूणच मराठवाड्यात धुण्याचं पाणी बरेचदा बोअरचं असतं. काळ्या कातळातून, बसाल्टच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात असा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. जड पाण्यात साबणाची वडी घासली की क्षारांशी मिळून तिचा चिकट साका बनतो. तो कापडात अडकतो. पांढरा कपडा करडा होतो, टॉवेल खरखरीत होतो, रंग फिके पडतात. अशा पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी, कारण तिच्यात क्षारांना आवरणारे घटक असतात. पाण्यात आधी चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवला तरी क्षार खाली बसतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवून धुतलं तर निम्म्या साबणात भरपूर फेस येतो. रिठ्याचा फेस आजी वापरत असे तोही जड पाण्यात साका धरत नाही.

साबण जास्त टाकला की कपडा जास्त स्वच्छ होतो, हा समज पाणी वाया घालवतो. जादा फेस काढायला एक बादली जादा लागते आणि उरलेला साबण कापडात धूळ धरून ठेवतो. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांना आधी ओला हात आणि थोडी पावडर लावून दहा मिनिटं ठेवलं की पुढे सगळा कपडा घासावा लागत नाही.

डागांच्या बाबतीत घाई नुकसान करते. चिखल ओला असताना पुसला तर बारीक माती धाग्यांत घुसते. तो वाळू द्यावा, झटकावा, ब्रशने काढावा, मग धुवावा. खडू तर पाण्याशिवायच झटकून काढावा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, म्हणून घाबरू नये. हळदीतला रंग साबणातल्या अल्कलीने लाल होतो आणि उन्हात उडतो. धुवून कडक उन्हात ठेवला तर दोन-तीन दिवसांत डाग निघून जातो. रक्ताला मात्र गरम पाणी लावू नये, ते थंड पाण्यात भिजवावं. बॉलपेनच्या शाईवर सॅनिटायझर टिपावं, घासू नये.

वाळवण्यात इस्त्री वाचवता येते. शर्ट पिळू नये. निथळू द्यावा, हँगरला लावून वरची गुंडी लावावी, ओल्या हाताने कॉलर, गुंड्यांची पट्टी आणि खिसा खाली ओढून सरळ करावा. पाण्याचं वजनच कापड खाली ताणतं. रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवावा, आपल्याकडच्या उन्हात सावलीतही तो दुपारपर्यंत वाळतो. पँटची घडी करून रात्री गादीखाली ठेवायची जुनी युक्ती वीज गेली तरी काम देते. इस्त्री करायचीच असेल तर लेबलावरचे ठिपके पाहावेत. एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअसपर्यंत. मिश्र कापडाला दोन ठिपके पुरे. त्याहून गरम इस्त्रीने पॉलिएस्टर चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

साधं म्हणजे गबाळं नव्हे

कमी कपडे, कमी इस्त्री असं म्हटलं की कुणाला ते ऐदीपणाचं वाटेल. पण नीटनेटक्या कपड्याला आपल्या समाजात फार मोठा अर्थ आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आलेल्या स्त्रियांशी पेहरावाबद्दल मुद्दाम बोलले. जात ओळखू यावी अशी लुगडं नेसायची पद्धत सोडा, कपडे साधे असले तरी स्वच्छ ठेवा, असं त्यांनी सांगितलं आणि स्त्रियांनी ते लगेच अमलात आणलं. ज्यांना अंगभर स्वच्छ कपडा घालायचा हक्कच नाकारला गेला होता, त्यांच्यासाठी तो कपडा माणूसपणाची खूण होता. म्हणून कामाच्या जागी स्वच्छ, नेटकं राहणं मी कधीही हलकं मानणार नाही. मोजके कपडे ठेवायचे ते यासाठीच, की जे आहेत ते रोज नीट राखता यावेत.

यात एक गोष्ट उघड बोलायला हवी. बहुतेक घरांत पुरुषाचा शर्ट दुसरंच कुणीतरी धुतं. पहाटे हंड्याने पाणी भरणारी, वाकून कॉलर घासणारी, परटाकडे गठ्ठा नेणारी बाई घरात असते आणि तिचं हे काम कुठल्या पगारपत्रकावर येत नाही. बाई स्वतः नोकरी करत असेल तर तिचं धुणं आणि त्याचं धुणं दोन्ही तिच्याच वाट्याला येतं. कमी घासावा लागणारा, कमी वेळा धुवावा लागणारा कपडा निवडणं म्हणजे तिच्या कमरेचा आणि तिच्या वेळेचा विचार करणं आहे.

येत्या रविवारी कपाट उघडाल तेव्हा एकट्याने उघडू नका. घरात जे माणूस धुणं करतं त्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक कपडा हातात देऊन विचारा, हा धुवायला कसा आहे? ज्यावर ते माणूस कपाळाला आठ्या घालेल तो कपडा बाजूला काढा. तो टाकून द्यायची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट या गावात वाया जात नाही, दिवाळीनंतर तो कुणाच्या तरी साडीवर उसाच्या फडात उभा असतो. मात्र पुढचा शर्ट घेताना, दुकानात मूठ आवळून कापड तपासाल तेव्हा, धुणाऱ्याच्या त्या आठ्या आठवा.